बोलायचं एकाच माणसाने

१

खेथिवेच्या हातून दूध न प्यायलेलं पिल्लू अजून जन्माला यायचं होतं. असं ती स्वतःच सांगायची. अनाथालयातल्या बाकीच्यांनाही ते मान्य होतं, म्हणून तिला कुणी आगाऊ म्हणत नसे. आई मारली गेलेली गेंड्याची पिल्लं इथे यायची. कुणी घाबरून भिंतींना धडका देणारी, कुणी कुऱ्हाडीचा घाव पाठीवर घेऊन आलेली. खेथिवे त्यांच्या बोमात, म्हणजे जाड खांबांच्या आवारात, घोंगडी घेऊन बसायची आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू तिच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपायचं. गेल्या काही वर्षांत शिकारी इतके सोकावले होते की दोन बोमा नव्याने बांधाव्या लागल्या. त्या बांधतानाही खेथिवे म्हणाली होती, "बांधा, बांधा. पाजायला मी आहे."

थोको येऊन पंधरवडा होत आला होता. काळ्या गेंड्याचं पिल्लू, नर, अजून शिंगाच्या जागी नुसतं बोंड. त्या संध्याकाळी ती दुधाची बाटली घेऊन आत शिरली तेव्हा ऊन पत्र्याच्या कडेला टेकलं होतं. थोको मागच्या कोपऱ्यात होता. तिने नेहमीची हाक दिली. गेंड्याची मादी आपल्या पिल्लाला बोलावताना धाप लागल्यासारखे श्वास टाकते, थोडे आखूड आणि मग एक लांब. खेथिवेला ते हुबेहूब जमायचं.

थोको आला नाही. तो मान वर करून उभा होता. ओठ पुढे काढलेले, जीभ वळलेली, आणि गळा हलत होता. तो घोट घेत होता. त्याच्या तोंडापुढे काहीच नव्हतं. खांब होता, तोही चांगला हातभर लांब.

"वारा पितोस होय रे गाढवा?" खेथिवे हसली. "ये इकडे. खरं दूध इथे आहे."

थोकोने घोट पुरे केले. पोट भरलेलं पिल्लू होतं तसा तो बाजूला झाला, ओठ चाटले आणि जागेवरच आडवा होऊन झोपला. बाटली भरलेली तशीच राहिली. खेथिवेने जाऊन त्याचे ओठ चाचपले. कोरडे होते. आई गेलेली पिल्लं झोपेतही चोखतात, हे तिला माहीत होतं. पण हा जागा होता, आणि बाटलीकडे मान वर करून पिण्याइतकं उंच त्याला इथे कुणी कधी पाजलं नव्हतं.

२

थोकोला आणलं तो दिवस तिला विसरायचा होता, पण असे दिवस विसरता येत नाहीत. सकाळी गस्तीवाल्यांचा निरोप आला आणि ती डॉक्टरबाईंबरोबर पिकअपमधून गेली. गाडी बाबा वेलाफी चालवत होता. तो जुना गस्तीवाला, गुडघे गेल्यावर ड्रायव्हर झालेला.

मादी ओढ्याच्या काठावर पडली होती. डोळ्यांच्या खाली चेहरा म्हणावं असं काही शिल्लक नव्हतं. शिंगाबरोबर नाकाची हाडंही काढून नेली होती. शिंग कापलं तेव्हा ती जिवंत होती, असं बाबा वेलाफीने माग पाहून सांगितलं. शिकाऱ्यांनी दिलेली भूल उतरल्यावर ती उठली होती आणि झाडाझुडपांवर आपटत इथवर आली होती. पिल्लाच्या खुरांचे ठसे तिच्या ठशांच्या मागोमाग होते. थोको अजूनही तिच्या पोटाला ढुशा देत होता.

माश्या इतक्या होत्या की खेथिवेला बघवेना. तिने शेजारच्या झाडाची पालेदार फांदी मोडली आणि आधी त्या मेलेल्या चेहऱ्यावरच्या माश्या हाकलल्या. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग डॉक्टरबाईंनी पिल्लाला गुंगीची सुई दिली, डोळ्यांवर टॉवेल बांधला, आणि चौघांनी मिळून त्याला गाडीत चढवलं. खेथिवे मागे त्याच्याजवळ बसली. फांदी हातातच होती.

डोळे बांधलेल्या पिल्लाजवळ बोलायचं एकाच माणसाने, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं, असा त्यांचा नियम होता. दहा आवाज ऐकले की पिल्लू बिथरतं, एकच आवाज सतत ऐकला की त्याला धरून राहतं. खेथिवे वाटभर बोलत होती. "चल राजा, निघालो आता. हा ओढा ओलांडला बघ. चढ लागलाय, घाबरायचं नाही. हे मोठं फाटक. आता उजवीकडे वळलो. पोहोचलो बरं का. हेच आपलं घर."

चढावर गाडीने दम टाकला. बाबा वेलाफीने पहिला गिअर टाकला तरी ती रडतखडतच वर आली. पिल्लाला उतरवल्यावर तो मागच्या चाकांकडे पाहत राहिला आणि निघून गेला. थोकोला शुद्ध आली तेव्हा त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे खेथिवेच्या हातातल्या फांदीचा पाला खाल्ला. ती केवढी खूश झाली होती.

३

"तोंड ठीक, घसा ठीक, ताप नाही," डॉक्टर गोवेंडर हात धूत म्हणाल्या. "मग हा पीत का नाही?"

"त्याला वाटतंय पोट भरलंय."

"कशाने भरलंय?"

खेथिवेने थोकोच्या पोटावरून हात फिरवला.

थोकोच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. डॉक्टरबाई तशा बोलायला गोड, पण या वेळी त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "रविवारपर्यंत वजन सावरलं नाही तर नळी घालावी लागेल. नळी घातलेली किती पिल्लं वाचतात हे मी तुला सांगायला नको."

"नळी लागणार नाही," खेथिवे म्हणाली. "मी आहे ना."

दुपारी तिने स्वतःच्या पद्धतीने तपास करायचं ठरवलं. थोको ज्या कोपऱ्यात जातो तिथेच ती खांबाला पाठ लावून मांडी घालून बसली, बाटली पोटाशी धरून. छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप तिच्या पावलांवर पडली होती, पाय चांगले भाजत होते. तिने हाक दिली. थोको उठला आणि सरळ तिच्याकडे आला. ती मनात म्हणाली, एवढंच होतं तर! पण त्याने बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मान तिच्या डोक्यावरून वर नेली आणि तो चोखू लागला. त्याची लाळ तिच्या केसांत पडत होती. गळ्यातून घोट उतरताना ऐकू येत होते.

मग तिच्या पावलांवरचं ऊन गेलं. पाय थंड पडले. आणि तिने नुकतीच दिलेली हाक तिला परत ऐकू आली, अगदी वरून, आखूड आखूड श्वास आणि मग एक लांब. त्या लांब श्वासाला मध्येच काहीतरी ओलं अडत होतं, नाक चोंदलेल्या माणसाचं अडतं तसं.

खेथिवे हललीही नाही. ढग आला असेल, तिने स्वतःला समजावलं. शेजारच्या बोमातल्या पिल्लाचा आवाज पत्र्यावरून घुमला असेल. थोको बाजूला झाला आणि ऊन पुन्हा पावलांवर आलं. ती शांतपणे उठली, कडी लावून बाहेर आली आणि तिने वर पाहिलं. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होतं. निदान एक ढग तरी असायला हवा होता, असं तिला फार वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. ती घेणार नव्हती, पण डॉक्टरबाईंनी हाकललंच. घरी जाऊन तिने आईच्या हातचं मक्याच्या पिठाचं फुटू आणि आंबट दूध खाल्लं, अंगण झाडलं, कोंबड्यांना नावं ठेवली, शेळ्यांशी भांडली. खेथिवे कामावर बोलायची तशीच घरीही बोलायची. तिच्या आईच्या मते ती जन्मली तेव्हापासून गप्प अशी बसलीच नव्हती.

दुपारी लिंडानीचा फोन आला. तो तिच्याऐवजी थोकोजवळ बसला होता. "अगं, अख्खी बाटली संपवली! वर दुसरी मागतोय. बोटं चावतोय माझी!"

खेथिवेला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. लगेच पाठोपाठ रागही आला. लिंडानीला बाटलीचं तोंड धड धरता येत नव्हतं, आणि त्याच्या हातून पितो? माझ्या हाताला काय काटे आलेत?

"कुणाची गाडी आली गं?" आतून आईने विचारलं.

"कुठे? कुणाची नाही."

"मग भिंतीला काय घासतंय?"

खेथिवे थांबली. बाहेरच्या भिंतीला काहीतरी सावकाश घासत होतं. मातीचे पोपडे पडत होते. शेळ्या कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, एकही ओरडत नव्हती. ती घराला वळसा घालून मागे गेली. मागे कुणी नव्हतं. पण तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर भिंतीचा रुंद पट्टा घासून गुळगुळीत झाला होता, आणि त्याच्यावरचा चिखल ओला होता. महिनाभर या भागात पाऊस नव्हता. तसला काळा चिखल फक्त ओढ्याच्या काठाला असतो.

संध्याकाळी ती कामावर परतली. थोकोला हाक मारली. त्याने लिंडानीच्या हातातली अर्धी बाटली सोडली आणि तो कोपऱ्यात जाऊन मान वर करून उभा राहिला.

५

"म्हणजे पोरगं तुझ्या हातचं पीत नाही, म्हणून भूत काढलंस होय?" बाबा वेलाफी गाडीच्या सावलीत संत्रं सोलत बसला होता. "लिंडानी जास्त चांगला पाजतो म्हणावं, की झालं. एवढा कमीपणा वाटतो?"

"बाबा, थट्टा पुरे. तो मरतोय. मी जाते तिथे ते येतं. घरी गेले तर घरी आलं."

"ते म्हणजे कोण?"

"तुम्हाला माहीत आहे कोण. त्या दिवशी चाकांकडे बघत होतात तुम्ही."

बाबा वेलाफीने संत्रं खाली ठेवलं. बोटांना लागलेला रस पुसला. मग म्हणाला, "गाडीत पिल्लाशी काय बोललीस ते सांग. जसंच्या तसं."

"नेहमीचंच की. चल, निघालो आता. ओढा ओलांडला. चढ लागलाय. हे मोठं फाटक..." आणि खेथिवेची जीभ जागच्या जागी थांबली.

"हातात काय होतं?"

"माश्या हाकायला फांदी होती." तिचा आवाज खाली आला. "तिच्याच डोक्यावरच्या झाडाची मोडली होती."

"कसलं झाड?"

ते तिने सांगायची गरज नव्हती. रानबोरीच्या जातीचं झाड, एक काटा सरळ आणि एक वाकडा. तिचा थोरला भाऊ खाणीत वारला तेव्हा ती स्वतः त्याच झाडाची फांदी घेऊन त्याला आणायला गेली होती. माणूस परमुलखात मेला तर त्याच्या आत्म्याला असंच घरी आणतात. तो पडला तिथे त्याच झाडाची फांदी टेकवायची, चल घरी म्हणायचं, आणि वाटेतला प्रत्येक ओढा, प्रत्येक वळण त्याला सांगत यायचं, म्हणजे तो चुकत नाही. फांदी धरणाऱ्याखेरीज वाटेत कुणी बोलायचं नाही. घरी पोहोचलं की पाला गुरांना खाऊ घालायचा. भावाला आणताना ती चारदा चुकली होती आणि मावशी रागे भरली होती.

"सगळं नीट केलंस पोरी," बाबा वेलाफी म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "इतकं नीट तर मी माझ्या बापालाही आणलं नव्हतं."

"पण ती तर जनावर आहे, बाबा!"

"जनावराला आपलं नाव कळत नाही? आणि गेंडा जगतो नाकावर, डोळ्यांनी त्याला दिसतं कुठे? हिचं नाकच नेलंय. स्वतःचं पोर समोर उभं असून तिला त्याचा वास येत नाही. राहिले कान. आणि कानात आवाज कुणाचा आहे? तुझा."

खेथिवेला रडू आलं. भीतीपेक्षा तिला दया आली. थोको जिला पीत होता तिच्यात दूध नव्हतं, आणि ते तिलाही कळत नव्हतं.

"मीच आणली, मीच सोडून येते," ती डोळे पुसून म्हणाली. "उद्या सकाळी गाडी काढा."

६

ओढ्याकाठी हाडं आणि सुकलेलं कातडं उरलं होतं. खेथिवेने नवी फांदी मोडून तिथे टेकवली. "आलो बाई. ही तुझी जागा. तुझं पोर माझ्याकडे सुखरूप आहे, मी त्याला मोठा करीन. तू इथेच राहा." एवढं बोलून तिने ओठ घट्ट मिटले, फांदी तिथेच ठेवली आणि मागे न पाहता येऊन गाडीत बसली. गाडी निघाली तेव्हा अगदी हलकी होती. बाबा वेलाफीने तिच्याकडे पाहून मान डोलावली.

तेवढ्यात पुढचा वायरलेस खरखरला. "खेथिवे, कुठे आहात? डॉक्टरबाई विचारतायत."

रोज शंभर वेळा उचलायची तसा तिने तो उचलला. "ओढ्यापाशी. निघालोय आता, घरीच येतोय."

गाडीचं मागचं अंग खाली बसलं. पाटे कुरकुरले. बाबा वेलाफीने स्टिअरिंगवर मूठ आपटली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

फाटकाशी उतरल्यावर तो म्हणाला, "पुन्हा नेऊनही उपयोग नाही. तिथे तिचं आहे काय? हाडं. जे नेलंय ते सोडून ती हाडांपाशी कशाला थांबेल?"

"मग मी काय करू, मुकी होऊ? नोकरी सोडून घरी जाऊ, की तिथे आईला घाबरवू?"

"मला विचारू नको. मी ड्रायव्हर आहे."

खेथिवे बोमाच्या दिशेने पाहत उभी राहिली. थोको खांबांच्या फटीतून दिसत होता, पाय थरथरत होते. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला. नव्या पिल्लाच्या बोमात पहिल्यांदा शिरताना दिसायची तशी ती दिसू लागली.

"हिला मारल्याबद्दल पकडलेल्या त्या फुंगुलाच्या जामिनाची शुक्रवारी तारीख आहे ना?" ती म्हणाली. "आपण सगळे गणवेशात जाऊन बसतोच. शिंग अजून सापडलेलं नाही. कुठे नेलं ते त्याला ठाऊक आहे. तिने त्यालाच विचारावं."

७

शुक्रवारी सकाळी तिने आंघोळ करून इस्त्रीचा गणवेश घातला आणि नवी फांदी घेऊन पिकअपच्या मागच्या भागात बसली. गाडीत दुसरं कुणी बोललं नाही. ती ठाम, मोकळ्या आवाजात बोलत होती. "मोठ्या रस्त्याला लागलो. ही उसाची शेतं. ही पोलीस चौकी. हे कोर्ट. पायऱ्या आहेत, जपून."

दारावरचा शिपाई काही तरी विचारणार होता. त्याला फांदी दिसली. मेलेल्या माणसाला घेऊन कुणी चाललंय असं समजून त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि वाट दिली. मग त्याने दार धरून ठेवलं, जरा जास्तच वेळ, आणि स्वतः भिंतीला चिकटला. आत सकाळचं ऊन होतं, पंखे फिरत होते. बाकांवर फुंगुलाच्या वस्तीतली माणसं होती. पुढच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर शाल आणि डबा घेऊन बसली होती. ती फुंगुलाची आई. खेथिवे थेट आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत गेली.

"हा बघ, हा इथे आहे," ती हळूच म्हणाली. फांदी कठड्याच्या पायाशी ठेवली आणि मागच्या बाकावर येऊन बसली. आता तिचं काम फक्त गप्प राहायचं होतं. मानेवर ओला, अडखळता श्वास पडत होता. मादी गेली नव्हती. ती पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.

फुंगुलाला आणलं. मध्यम वयाचा, टापटीप माणूस. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्याला बघून आपल्याला काहीतरी मोठं वाटेल, असं खेथिवेला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. त्याचे हात तेवढे ती पाहत राहिली.

सरकारी वकील म्हणाला, हा पळून जाईल. फुंगुलाचा वकील म्हणाला, हा घरदार असलेला माणूस आहे, म्हातारी आई याच्यावर अवलंबून आहे. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जामीन दिला तर राहाल कुठे? पक्का पत्ता हवा. तुम्हीच सांगा."

"मोठ्याने बोल," त्याचा वकील म्हणाला.

फुंगुलाने छाती पुढे काढली. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. "पक्काच आहे की, बाई. इथून निघायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा. पुढे दुकान लागतं, तिथून डावीकडे. शाळेच्या मैदानाला वळसा घातला की आंब्याचं झाड. ते आमचं घर. तिथे आई आहे, मी आहे."

खेथिवेच्या मानेवरचा श्वास थांबला.

तिला हे असं करायचं नव्हतं. ती मादीला फक्त त्याच्यासमोर आणून सोडणार होती. पायाशी फांदी ठेवलेला तो माणूस एकेक वळण नीट सांगत होता, आणि आख्ख्या खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं.

"तिथून दुसरीकडे कुठे जाणार नाही ना?"

"कुठे जाणार, बाई? इथून सरळ घरी."

बाकांच्या दोन रांगांमधल्या वाटेतली फरशी कुठेतरी करकरली, मग जरा पुढे, मग आणखी पुढे. पिंजऱ्याचा कठडा आतल्या बाजूला वाकला. फुंगुलाने मान एकदम तिरकी केली, कानाशी कुणी आल्यावर करतात तशी. त्याने गालावरून हात फिरवला आणि हाताकडे पाहिलं. मग तो हळूहळू वर पाहू लागला, शिपायाच्या डोक्याच्या वर, तिथून आणखी थोडं वर, आणि तिथे त्याची नजर थांबली. त्याचं तोंड उघडं राहिलं. जामीन मंजूर झाल्याचं न्यायाधीशबाईंनी सांगितलं, बाकांवर टाळ्या पडल्या, तरी त्याला ते ऐकू गेलं नसावं. वकिलाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

खेथिवे पायऱ्यांवर आली. मान मोकळी होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. आज संध्याकाळी थोको तिच्या हातून पिणार होता, सगळी बाटली पिणार होता, हे तिला डोळ्यांपुढे दिसलं.

आवारात जुनी पिकअप उभी होती. फुंगुलाला पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबलं. त्याच्या आईला पुढे जागा नव्हती. दोघांनी म्हातारीला हात देऊन मागच्या भागात चढवलं. ती एकटीच. हसून हसून तिचे गाल दुखत असावेत. "पोरगा घरी आला गं बाई माझा," ती जो दिसेल त्याला सांगत होती. खेथिवेलाही तिने हात केला. गणवेश कोणाचा, तिला कळलं नसावं.

म्हातारी पाय पसरून बसली आणि शाल मांडीवर ओढून घेतली. मग पिकअपचं मागचं अंग खाली बसलं, चाकं झाकली जाईपर्यंत. म्हातारीने चमकून शेजारी पाहिलं. तिथे काही नव्हतं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, नाकाला शालीचं टोक लावलं, आणि गाडीत दाटी झाल्यावर बायका करतात तशी अंग चोरून एका कडेला सरकली.

खेथिवेचं तोंड उघडलं. एक हाक पुरली असती. थोडे आखूड श्वास आणि मग एक लांब, जगात तिच्याइतकं ते कुणाला जमत नव्हतं. त्या म्हातारीने काय केलं होतं? डबा आणला होता, शाल आणली होती. घशापर्यंत आलेला श्वास खेथिवेला जाणवला. मग तिला थोकोच्या बरगड्या आठवल्या.

पिकअप धूर सोडत, पहिल्या गिअरमध्ये कण्हत फाटकाकडे निघाली. बाबा वेलाफी तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"सुटलीस पोरी," तो म्हणाला. "आता बोल की काहीतरी."

खेथिवेने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मान हलवली. पिकअप अजून हाकेच्या अंतरावर होती.